उभ्या नदीचं चित्र

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या भागात तशीच रीत आहे. लग्न होऊन मी तासगावाहून कऱ्हाडजवळच्या या गावात आले, तेव्हा नवऱ्याची उरलेली सुट्टी बघता बघता संपली. तो फौजेत. त्यानं ट्रंक उचलली, आईच्या पाया पडला, माझ्याकडं बघून नुसतं "येतो" म्हणाला आणि गेला. मागं आम्ही दोघी राहिलो. सासरेही फौजेतलेच होते. पेन्शनीत येऊन काही वर्षं घरी राहिले, ऊस लावला, म्हैस घेतली आणि मी या घरात यायच्या आधीच आजारपणात गेले. शेत चुलत दीर बघायचे. म्हैस आत्या बघायच्या. आणि मी सोप्यातल्या खिडकीपाशी बसून टॅबवर चित्रं काढायचे.

सांगलीला चित्रकला शिकताना मला हे काम मिळालं होतं. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांची खोकी, त्यावरचे घड, पानं, अक्षरं. पुढं काही पुस्तकांची मुखपृष्ठंही आली. सगळं घरबसल्या व्हायचं. आत्या टॅबला पाटी म्हणायच्या. शेजारणीनं विचारलं की सांगायच्या, "पाटीवर लिवतीया सून. म्हणं त्येजं काम हाय."

त्या कडक नव्हत्या, पण बोलणं फार थोडं. आमच्यात एक अवघडलेला मान होता. मी त्यांना कामात मदत करायला गेले की त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, तुझं काम कर." आणि त्या माझ्यासाठी काही करायला आल्या की मी म्हणायचे, "असू द्या आत्या, मी घेते." अशा तऱ्हेनं आम्ही दोघी एकमेकींना जपत एकमेकींपासून लांब राहिलो होतो. दोघींचं ध्यान मात्र एकाच फोनकडं असायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या की आत्या उठून टीव्ही बंद करायच्या. सासरे नोकरीत असताना रेडिओही असाच बंद करायच्या, हे मला मागून कळलं.

खोक्यांची चित्रं झाली की मी माझी स्वतःची काढायचे. ती वेगळीच असायची. द्राक्षाच्या घडातल्या एकेका मण्याला खिडकी आणि आत लागलेला दिवा. मुळं फुटून शेतात रुजलेली एसटी. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की याला अतिवास्तववादी म्हणतात. वस्तू अगदी रोजच्या, ओळखीच्या काढायच्या, फक्त त्या अशा जागी ठेवायच्या की जिथं त्या कधी नसतात. आत्यांनी एकदा मागं उभं राहून ती एसटी बघितली.

"हे आसं कुटं आस्तंय का गं?"

"स्वप्नात असतं, आत्या."

"स्वप्नाची बी चित्रं काढत्यात व्हय?" एवढं म्हणून त्या धार काढायला गेल्या. माझ्या चित्रांवर त्यांचं हे पहिलं आणि बरेच दिवस शेवटचं बोलणं होतं.

त्या वर्षी थंडीत नवऱ्याची तुकडी वर, बर्फात जायची होती. निघायच्या आधी त्यानं फोन केला. "तिथं फोन लागत नाही. मधूनच लागेल तेव्हा मीच करीन. तुम्ही काळजी करत बसू नका." मी आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसंच आस्तंय त्ये." आणि तांदूळ निवडायला लागल्या.

दिवस गेले. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून कारखान्याकडं जात होत्या. आमच्या उसाला अजून तोड आली नव्हती, उलट पांढरे तुरे आले होते. आम्ही दोघी फोनचं नाव काढत नव्हतो. फोन मात्र भिंतीतल्या देवळीत उभा करून ठेवलेला असायचा, कारण घरात तिथंच रेंज नीट यायची.

एका सकाळी मी उठून आत गेले, तर चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि आत्या समोर बसून त्याकडं बघत होत्या. आत्यांच्या हातून दूध उतू जाणं ही या घरात न घडणारी गोष्ट. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं.

"आत्या, काय झालं?"

"काय न्हाई. स्वप्न पडलं."

"कसलं?"

"इचारू नगं. पहाटचं हाय."

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, आणि वाईट स्वप्न बोलून दाखवलं की ते आणखी घट्ट होतं. हे मीही ऐकत आलेय. आमच्या आईकडं स्वप्नांचा पूर्ण शब्दकोशच होता. स्वप्नात कुणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढलं. स्वप्नात लग्नाचा मांडव दिसला तर मात्र वाईट. मी आत्यांना आईचं हे सगळं सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. दुपारी नदीवर जाऊन आल्या. परत आल्यावर पायांवर पाणी घेता घेता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पाण्याला सांगिटलं की वाहून जातंय म्हणत्यात. न्हाई गेलं."

दुसऱ्या दिवशीही तेच. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. मला राहवेना. मी टॅब घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आत्या, तुम्ही सांगू नका. मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा. मी काढते."

"काढल्यावर तर लयच खरं हुईल."

"पाटीवर काढतेय. पाटी पुसता येते."

हे त्यांना पटलं असावं. त्या भिंतीला टेकून बसल्या. मी विचारलं, "घरात होतं का?" मान नाही म्हणाली. "रानात?" नाही. "अंगणात?" होय. मी आमचं अंगण काढलं, कडेचा गोठा काढला. "अजून कोण होतं? माणूस?" मान अशी काही तरी हलली, होयही नाही आणि नाहीही नाही. "पाणी होतं का?" होय. मी अंगणामागं नदीची एक निळी रेघ ओढली. आत्यांनी ती बघितली आणि मग त्यांना राहवलं नाही.

"आगं, आशी आडवी न्हवती. उभी हुती."

"उभी म्हणजे?"

"उभी म्हंजे उभी. भित्तीसारखी. अंगणाच्या कडंला. आन वाहत बी हुती. मासं दिसत हुतं आत."

मग मान हलवणं मागंच पडलं. त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. उभ्या नदीत आमचं दार होतं. आमचंच, निळं, पितळी कडीचं. उंबऱ्यावर फौजी बूट ठेवलेले. बुटांतून ऊस उगवून आलेला, गोठ्याच्या छपराच्या वर गेलेला, तुरा आलेला. आणि त्या उसाच्या शेंड्यावर त्यांचा मुलगा बसला होता. आताचा नाही, शाळेतही न जाणारा, अनवाणी, चड्डीची नाडी लोंबणारी. भाकरी खात होता. खाली अंगणात आत्या उभ्या होत्या आणि त्याला हाका मारत होत्या.

"त्येला ऐकाय जाईना," त्या म्हणाल्या.

"लांब होता म्हणून? की तुमचा आवाज येत नव्हता?"

आत्यांचा हात नकळत तोंडाकडं गेला. "व्हय. आवाज येत न्हवता," म्हणाल्या आणि म्हशीला पेंड घालायची राहिली म्हणून उठून गेल्या.

त्यानंतरच्या दुपारी आम्ही चित्राजवळच काढल्या. दोन घास जेवून आत्या आपला पाट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायच्या. टॅबवर चित्र थरांमध्ये काढतात, एकावर एक काचा ठेवल्यासारखं. नदीची एक काच, दाराची एक, उसाची एक. एखादी नको असेल तर तेवढीच काढून ठेवता येते. हे त्यांना फार आवडलं. "मंजी नदी घालवली तरी दार ऱ्हातंय," त्या म्हणाल्या, आणि मला दोनतीनदा नदी घालवून परत आणायला लावली. चुकाही काढायला लागल्या. नदीचा रंग असा निळा नव्हता, पावसाळ्यातल्यासारखा गढूळ होता. भाकरी नुसती हातात नव्हती, एका कडेनं खाल्लेली होती. बूट पॉलिश केलेले होते. "ह्या घरातलं बूट कवा बिनपालिशचं नसायचं," त्या म्हणाल्या. मी थांबले. त्या मुलाबद्दल बोलत होत्या की सासऱ्यांबद्दल, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

चित्र जवळजवळ झालं. राहिलं होतं ते एकच. अंगणात उभ्या असलेल्या बाईचं तोंड. हाक मारणारं म्हणून मी ते उघडं काढलं होतं, पण ते काही केल्या जमत नव्हतं. नुसतं काळं भोक दिसायचं. सगळ्या चित्रात तेवढंच मला बघवत नव्हतं.

"आत्या, हे तोंड मला जमत नाही. रिकामं रिकामं वाटतंय."

त्या टॅबकडं बघत राहिल्या. बाहेर म्हैस पाय आपटत होती.

"रिकामं न्हवतंच त्ये."

मी टॅब त्यांच्याकडं वळवला.

"बांगड्या पडत हुत्या. हाक मारली की बांगड्या पडायच्या तोंडातनं. हिरव्या." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "तुझ्या."

माझा हात टॅबवर होता. त्यांनी तो आपल्या हातात घेतला आणि मनगटावरच्या बांगड्यांवर आपला तळवा झाकून धरला, जसा वाऱ्यात दिवा झाकतात. त्या रडत होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना बघत होते. दूध उतू गेलं त्या सकाळपासून हे त्यांनी एकटीनं पोटात ठेवलं होतं. पोराच्या जिवाची भीती तर होतीच, पण ती त्या नदीला सांगून आल्या होत्या. ही गोष्ट माझ्या कानावर जाऊ नये म्हणून त्या माझ्या समोर मान हलवत बसल्या होत्या.

भीती मलाही वाटली. ज्या घरात दोन पिढ्या फौजेत आहेत, तिथं हिरव्या बांगड्या खाली पडण्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. मी काही धीराची बाई नाही. पण त्या वेळी मला चित्र काढणाऱ्या माणसाचा प्रश्न सुचला, दुसरं काही सुचलंच नाही म्हणून.

"फुटत होत्या का?"

"आं?"

"बांगड्या. खाली पडल्यावर फुटत होत्या का? मला काढायच्या आहेत."

आत्यांनी डोळे पुसले. त्या आठवायला लागल्या. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्या परत त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि खाली बघत होत्या.

"न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "फुटत न्हवत्या. आख्ख्या हुत्या. घरंगळत चालल्या हुत्या."

"कुठं?"

"त्या दाराकडं."

"दार बंद होतं का उघडं?"

"उघडं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच चकित झाल्या. "उघडं हुतं गं. म्या बघिटलंच न्हाई तवा. त्येच्याकडंच बघत हुते वर."

मी बांगड्या काढायला घेतल्या. तोंडातून ओघळणाऱ्या, हनुवटीवरून पदरावर, पदरावरून शेणानं सारवलेल्या अंगणात, आणि तिथून एकामागं एक दाराकडं घरंगळत जाणाऱ्या. आत्या शेजारी बसून होत्या. माझ्या मनगटावरचा हात त्यांनी काढला नव्हता, त्यामुळं मला डाव्या हातानं टॅब सावरत काढावं लागत होतं. शेवटची बांगडी मी उंबऱ्यापाशी, बुटांना टेकून उभी केली. काळं भोक आता राहिलं नव्हतं. तिथं हिरव्या काचेची एक ओळ होती.

त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता बघवतंय." त्या दिवशी संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. मीही.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. मी गोठ्यात होते, आत्याच देवळीपाशी पळाल्या. मागोमाग मी आले. वर हिमवादळ झालं होतं, वाट बंद होती, तुकडीला खाली यायला उशीर झाला होता. सगळे सुखरूप होते. आत्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवतूस का?" मग फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या.

बोलणं संपल्यावर मी त्यांना विचारलं, "आत्या, आता चित्र पुसू?"

"नगं. ऱ्हाऊ दे. आता काय करतंय त्ये?"

त्यानंतर आमच्या घरातली ती जपून राहण्याची सवय हळूहळू सुटली. मी त्यांच्या हातातलं काम ओढून घ्यायला लागले, त्याही माझ्या खोक्यावरच्या द्राक्षांना नावं ठेवायला लागल्या. दारावर कासारीण आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आत्या, तुम्हीही घाला ना दोन. कोण काय म्हणतंय?" त्यांनी माझ्या भरवशावर हात पुढं केला. दोन बांगड्या घातल्याही. दुपारपर्यंत वागवल्या आणि मग साबण लावून काढून माझ्या हातात दिल्या. "हात जड वाटाय लागला गं. सवय न्हाई आता. तू घाल." मला वाईट वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. करून बघितलं, नाही जमलं, एवढंच.

सांगलीच्या माझ्या मैत्रिणींनी त्या उन्हाळ्यात डिजिटल चित्रांचं एक प्रदर्शन ठरवलं. त्यांनी माझ्याकडं काही मागितलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच चित्र होतं, पण ते माझं एकटीचं नव्हतं. मी आत्यांना विचारलं.

"माजं स्वप्न भित्तीला टांगणार? लोकांनी बघायचं?"

"नको असेल तर नाही देणार."

त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, "टांग. पर मी बी येणार बघाय."

चित्र कॅनव्हासवर मोठं छापून घेतलं. आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. आत्यांनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. हॉलमध्ये शिरल्यावर त्यांना आधी आपलं चित्र ओळखूच आलं नाही. पाटीवर हाताएवढं बघायची सवय, इथं नदी खरोखरच त्यांच्या डोक्याच्या वर गेलेली. त्या एक पाऊल मागं सरकल्या. मग माझा दंड धरून त्याच्यासमोरच्या बाकावर बसल्या आणि दुपारभर तिथून हलल्या नाहीत.

लोक येत होते, बघत होते, बोलत होते. कॉलेजातली एक मुलगी आपल्या मैत्रिणीला समजावत होती की बूट म्हणजे घरात नसलेला पुरुष, आणि त्यातून ऊस उगवतो म्हणजे त्याच्या नसण्यावरच घर चालतं. मला ते सुचलंच नव्हतं. एक प्राध्यापक आले. ते बराच वेळ त्या तोंडापाशी उभे राहिले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "या बांगड्या म्हणजे बाईच्या अडलेल्या शब्दांचं प्रतीक आहे. जे बोलायचं ते तिला बोलता येत नाही, म्हणून दागिना बाहेर पडतो."

ते पुढं गेल्यावर आत्यांनी मला विचारलं, "परतीक म्हंजे काय गं?"

"दाखवायचं एक, आणि त्यातून सांगायचं दुसरंच."

"म्हंजे कोडं."

"कोड्याला एकच उत्तर असतं, आत्या. याला प्रत्येकाचं वेगळं असतं."

त्यांनी यावर विचार केला. "त्यो मास्तर बराबर बोलला पर. मला बोलायचंच हुतं, आन बोलता येत न्हवतं."

दुपारनंतर एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. नातीच्या कामासाठी सांगलीला आले होते आणि उन्हातून बाहेर कुठं थांबायचं म्हणून आत शिरले होते. सगळी चित्रं त्यांनी भराभर बघितली आणि आमच्या चित्रापुढं येऊन थांबले. तिथून ते हलेनात. शेवटी आत्यांनीच बाकावर सरकून त्यांना जागा केली.

"बसा की. आवं, पाय दुखत्याल."

ते बसले. चित्राकडं बोट करून म्हणाले, "कुणी काढलंय कुणास ठावं. पर त्येनं आमचं धरण काढलंय."

"कुठलं धरण?" मी विचारलं.

"आमी कोयनानगरचं. उभं पाणी म्हंजे काय, त्ये आमाला इचारा. जन्म गेला त्येच्या पायथ्याला. जरा भुई हालून भांडी वाजली की पोरंबाळं घेऊन भायेर यायचं, आन आदी तिकडं बघायचं. भित्त हाय न्हवं जाग्यावर? हाय. मग परत आत जाऊन झोपायचं."

आत्या त्यांच्याकडं वळून बसल्या. "झोप लागती का वो मग?"

"लागती की. भीती तिच्या जाग्यावर, झोप तिच्या जाग्यावर. भीती जाईस्तवर जागं ऱ्हायचं म्हटलं तर मानूस जगल का?"

आत्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "माजा ल्योक फौजेत हाय. आन ह्या पोरीचं मालक म्हंजे त्योच." लग्न होऊन आल्यापासून परक्या माणसाला त्यांनी हे आपणहून सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. "मग तुमी बी धरणाखालचंच," ते म्हणाले. दोघंही हसले. मग ते दोघं तिथंच बसून शेजाऱ्यांसारखे बोलत राहिले, म्हशीच्या दुधाबद्दल, गुडघ्यांबद्दल, नातवंडांबद्दल, आणि समोर ती उभी नदी होती. जाताना त्यांनी विचारलं, "त्या बाईला पोरगं गावलं का शेवटाला?"

"गावलं," आत्या म्हणाल्या. "दिवाळीला यील."

तो दिवाळीच्या थोडा आधीच आला. छापलेलं चित्र आत्यांनी घरात लावू दिलं नव्हतं. "रोज कोण बघंल त्ये," म्हणून कपाटामागं उभं केलं होतं. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःच मला ते बाहेर काढायला सांगितलं आणि भिंतीला टेकवून ठेवायला लावलं. नवरा जमिनीवर मांडी घालून बसला आणि बघत राहिला. बुटांकडं बघून जरा हसला. मग वर, उसाच्या शेंड्यापर्यंत त्याची नजर गेली.

"आई, मी एवढा बारका का काढलाय?"

"म्या काढलंय व्हय? ही काढती."

"पण तू सांगितलंस ना?"

आत्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "स्वप्नात तू येवढाच येतूस. त्येच्या म्होरं तू हुतास कुटं? शाळेला हॉस्टेलात, मग भरती. तू मोठा झालास त्यो तिकडं झालास. म्या कुटं बघिटलं?"

तो उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला, अगदी खेटून, आणि त्यांच्या हातातला अडकित्ता काढून घेऊन सुपारी कातरायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. मोठमोठे तुकडे पडत होते. आत्या ते तुकडे निमूट उचलून तोंडात टाकत होत्या.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. वर बर्फात काय असतं ते यापूर्वी त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनीही सांगितलं नसावं, आणि आत्यांनी कधी दोघांनाही विचारलं नव्हतं. बर्फ वितळवून पाणी कसं करतात, वारं तंबूला कसं झोंबतं. वादळाच्या दिवसांत सगळे एकाला एक चिकटून झोपत होते आणि उठल्यावर एकमेकांना स्वप्नं सांगत होते, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. "पंजाबचा एक आहे," तो म्हणाला, "त्याला रोज आपल्या घरची विहीर दिसायची. आत बादली सोडतोय आणि ती खाली टेकतच नाही."

"आन तुला?" आत्यांनी विचारलं.

"मला फोन वाजलेला ऐकू यायचा. बर्फात कुठं तरी पुरलाय, वाजतोय, आणि मी उकरतोय. सापडायचा नाही."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टॅब आणायला उठले, तसा तो म्हणाला, "अगं आता राहू दे, बस." पण आत्या म्हणाल्या, "आणू दे तिला. तू सांग नीट. बर्फ कसला हुता? भुसभुशीत का घट्ट?"

ते चित्र आम्ही तिघांनी मिळून त्याच्या सुट्टीत पुरं केलं. ते मी अजून कुठं दिलेलं नाही. जाताना त्यानं दोन्ही चित्रं आपल्या मोबाईलमध्ये घेतली. उभ्या नदीचं चित्र त्यानं तिकडं सोबत्यांना दाखवलं. एकदा फोनवर सांगत होता, "सगळ्यांचं म्हणणं एकच. आमच्या आया पण आम्हाला एवढंच बारकं बघतात म्हणे."

आता आत्यांना स्वप्नाची भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. पहाटेच्या स्वप्नाला त्या अजून मान देतात. तो वर गेला की टीव्हीवरच्या बातम्याही अजून बंदच होतात. पण स्वप्न आता पोटात ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. बहुतेक स्वप्नं साधी असतात, काही तर हसू येण्यासारखी. एकदा म्हैसच एसटीची कंडक्टर झाली होती आणि आत्यांकडं सुट्टे नव्हते. एकदा चुलत दिरांच्या सगळ्या उसाला दिवाळीचे आकाशकंदील लागले होते. मला वेळ असेल तर मी काढते, नसेल तर नुसतं ऐकते.

आज सकाळी मी अंगण झाडत होते. त्या आतून आल्या, पायरीवर बसल्या आणि माझ्या हातातली केरसुणी काढून घेऊन बाजूला ठेवली.

"बस हितं. लांबडं हाय, उभ्यानं व्हायचं न्हाई," म्हणाल्या. "आन आज आदी तू सांग. तुला काय दिसलं?"